काटा उतरला आणि स्टेशन लागलं: कोथरूडमधल्या एका शॉर्टवेव्ह सेटचं प्रकरण

मामांचा फोन आला तेव्हा निकाल आधीच लागलेला होता. "सेट गेला. भंगारात द्यायचा की तुला हवाय, एवढंच सांग."

सेट म्हणजे येसू एफआरजी-७. जपानी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातला, टेबलावर ऐसपैस बसणारा, सातेक किलोचा ठोकळा. मामांनी तो ऐंशीच्या दशकात मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड घेतला. तेव्हा ते नारायण पेठेत वाड्यात राहायचे. पत्र्याच्या कडेपासून अंगणातल्या पिंपळापर्यंत एक तांब्याची तार, ती खिडकीतून आत, बस्स. सकाळी सिलोन, रात्री बीबीसी, मधल्या वेळात काय सापडेल ते. मामी म्हणायच्या की लग्नात मला सवत आयती मिळाली.

वाड्याचा पुनर्विकास ठरला आणि मामा कोथरूडला सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आले. तेव्हापासून सेटमधून येते ती फक्त घरघर. दुरुस्तीवाल्याने एकदा कंडेन्सर बदलले, दुसऱ्यांदा आणखी काही बदललं, तिसऱ्यांदा सांगितलं की काका, एरियल वाढवा. मामांनी वाढवली. बाल्कनीच्या छताला नागमोडी वळणं देत वीस मीटर तार, तिचं टोक ग्रिलला. घरघर वाढली. मग कुणीतरी अर्थिंग सुचवलं, म्हणून सेटच्या मागच्या अर्थच्या स्क्रूपासून एक तार भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटच्या अर्थला जोडली. घरघर आणखी वाढली. इथे मामांनी हात टेकले.

मी परवानाधारक हौशी रेडिओवाला आहे, म्हणून घराण्यातले सगळे बिघडलेले रेडिओ माझ्या वाट्याला येतात. बहुतेक वेळा बिघाड रेडिओत असतो. या वेळी तो कुठे होता हे कळायला पाच आठवडे लागले, आणि ते सगळं लिहून ठेवावं असं वाटलं, कारण शहरात शॉर्टवेव्ह ऐकू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं प्रकरण थोड्याफार फरकाने हेच आहे.

सेट की घर

एफआरजी-७ ची एक सोय आज सोन्याच्या मोलाची आहे: पोटात आठ मोठे सेल बसतात. विजेची वायर काढा, सेट चालू राहतो. मी पहिल्या संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. सेल घातले, विजेची वायर काढली, एरियल काढली, अर्थची तार काढली. स्पीकरमधून नुसती मऊ सळसळ, येणाऱ्या लहरीची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचा काटा तळाशी. मग एरियल जोडली, ९ मेगाहर्ट्झच्या आसपास. काटा एस-७ वर, आणि कारखान्यात शिरल्यासारखी घरघर.

इथेच पहिला निष्कर्ष पक्का झाला. सेट स्वतः गोंगाट करत नाही. गोंगाट एरियलच्या वाटेने आत येतो. आता सेटचे कान शाबूत आहेत की नाही एवढंच बघायचं होतं, आणि ते घरात बसून कळणार नव्हतं.

एस-मीटरबद्दल जाता जाता: नियमाने एक एस म्हणजे ६ डेसिबल आणि एस-९ म्हणजे ५० ओहमवर ५० मायक्रोव्होल्ट. जुन्या सेटांचे मीटर हा नियम मनावर घेत नाहीत. पुढे मी जे आकडे देतो आहे ते याच एका सेटचे, एकमेकांशी ताडून बघण्यापुरते.

रविवारी सकाळी सहाला आम्ही वेताळ टेकडीवर. सेट माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये, मामांच्या हातात आठ मीटर तारेचं भेंडोळं आणि सुतळी. वरच्या सपाटीवर एका झाडावरून तार टाकली. फिरायला आलेल्या लोकांपैकी दोघांनी आम्हाला पोलिसांचे बिनतारी विभागवाले समजून काय झालं म्हणून विचारलं, आणि एका आजोबांनी सेट बघताक्षणी "हा सिलोन धरतो का हो?" असं विचारून तिथेच बैठक मारली.

सुरुवातीला सगळंच मंद लागलं. मग माझी नजर डावीकडच्या प्रीसिलेक्टरच्या बटणावर गेली. ते भलत्याच ठिकाणी होतं. हे बटण म्हणजे सेटच्या दारावरचा रखवालदार: ज्या पट्ट्यात ऐकायचं आहे त्यालाच आत सोडतो, बाकीच्यांना बाहेर थोपवतो. मेगाहर्ट्झचं बटण फिरवलं की हेही फिरवून आवाज सर्वांत मोठा होईल तिथे ठेवावं लागतं. मामांना हे चाळीस वर्षांपासून ठाऊक. "मग असं का ठेवलंत?" तर म्हणाले, "नीट लावलं की घरघर वाढते रे. असं ठेवलं की शांत असतं." शांत होतंच, घरघरीबरोबर स्टेशनही दाराबाहेर उभं होतं. घराच्या गोंगाटाने माणसाला सेट चुकीचा वापरायला शिकवलं होतं, आणि ती सवय अगदी समजूतदारपणे लागली होती.

बटण जागेवर आणलं आणि ३१ मीटरचा, म्हणजे साडेनऊ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, पट्टा उजाडल्यासारखा झाला. चिनी केंद्रं एकापाठोपाठ एक, एक अरबी, एक हिंदी. ७ मेगाहर्ट्झवर खटका एलएसबीवर, म्हणजे लहरीची फक्त खालची बाजू ऐकायच्या पद्धतीवर, टाकला तर महाराष्ट्रातले हौशी ऑपरेटर मराठीत एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत होते. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा जेमतेम एस-१. सेट ठणठणीत होता. त्या आजोबांनी जाताना मामांच्या पाठीवर थाप मारली. मामा परतीच्या वाटेवर फारसे बोलले नाहीत. दुरुस्तीवर गेलेल्या पैशांचा हिशेब चालला असावा.

घरातले चोर

आता घर. पद्धत अगदी साधी आहे आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. सेट सेलवर, एरियल जोडलेली, डायल ९.५ मेगाहर्ट्झच्या जवळ एका रिकाम्या जागी. मामा सेटसमोर वही घेऊन. मी मीटरच्या पेटीपाशी. मेन स्विच खाली. मामा ओरडले, "सात होतं, पाचाच्या जरा वर आलं!" म्हणजे गोंगाटाचा एक वाटा आमचाच होता. मग एकेक एमसीबी वर उचलायचा आणि आकडा विचारायचा. मामींनी फ्रीज उघडायला तेवढ्या वेळात बंदी केली.

दिवाणखान्यातले स्वस्तातले एलईडी दिवे, एक नव्या धर्तीचा बीएलडीसी पंखा, इंटरनेटच्या राउटरचा अॅडॅप्टर आणि इन्व्हर्टरचा चार्जर, असे चौघे सापडले. पाचवा संशयित, देवघरातल्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, शॉर्टवेव्हवर निर्दोष सुटला. त्याची करवत मीडियम वेव्हवर चालते.

हे सगळे एकाच जातीचे. घरातली २३० व्होल्टची वीज त्यांना थेट चालत नाही. ती आधी सरळ करून मग सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडायची आणि त्यातून हवा तो व्होल्टेज काढायचा, असं त्यांचं काम. चांगल्या मालात ही तोडातोड आतल्या आत राहावी म्हणून चोक आणि कंडेन्सर असतात. स्वस्त मालात ते आधी गाळले जातात. मग त्या तोडातोडीचे तुकडे पार ३० मेगाहर्ट्झपर्यंत पसरतात, आणि घरातलं वायरिंग त्यांना एरियलसारखं उपयोगी पडतं.

नेमकं उपकरण हुडकायला खिशातला मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घ्या. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवा, आवाज वाढवा आणि दिव्याजवळ, अॅडॅप्टरजवळ, स्विचबोर्डाजवळ न्या. चोराजवळ गेलं की तो बोंब मारतो. ट्रान्झिस्टर आडवा-उभा फिरवला की आतली फेराइटची, म्हणजे चुंबकी मातीची, कांडी दिशाही सांगते. राउटरचा अॅडॅप्टर असा एका मिनिटात सापडला.

उपाय: दिवे बदलले, पण नवे घेताना दुकानातच एकेक लावून ट्रान्झिस्टर धरून बघितले. दुकानदाराला वाटलं दिव्यातून गाणी ऐकतायत. अॅडॅप्टरच्या जागी दुसरा आणला. चार्जरच्या वायरीला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेल्या फेराइटच्या कड्यांमधून सात-आठ वेढे दिले. एकच वेढा देऊन लोक म्हणतात फेराइटने काही होत नाही. अडवणूक वेढ्यांच्या वर्गाने वाढते, म्हणजे एकाचे तीन केले की नऊपट. पंख्याचं मात्र काही जमलं नाही. तो झोपायच्या खोलीत हलवला आणि मामा ऐकायला बसले की बंद ठेवायचा असा तह झाला.

इतकं करून दिवे-पंखे चालू असताना काटा साडेपाचावर आला. मेन स्विच पाडल्यावर जितका होता, जवळपास तितकाच. उरलेला गोंगाट आमच्या घरचा नव्हताच.

गुरुवार

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. त्या आठवड्यात आमच्या भागात सकाळी दहा ते तीन वीज बंद राहणार असा निरोप मोबाइलवर आला. लोक कपाळाला हात लावतात, मी रजा टाकली.

दहाला पाच मिनिटं असताना आम्ही सेटसमोर बसलो. दहा वाजून दोन मिनिटांनी पंखा थांबला, आणि घरघर कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मी क्षणभर चक्रावलो. मग लक्षात आलं की गल्लीतले यच्चयावत इन्व्हर्टर आता जागे झाले होते. आमच्या खालच्या घरातला जुन्या पद्धतीचा, चौकोनी लाटेचा असावा. त्याची गुरगुर साऱ्या पट्ट्यावर पसरली होती. साडेअकराच्या सुमारास ती बंद पडली. बॅटरी संपली असणार. आणि काटा दोनावर आला. त्याच बाल्कनीतल्या, त्याच नागमोडी तारेवर रोमानियाचं केंद्र इतकं स्वच्छ लागलं की मामांनी आवाज कमी केला.

वीज असताना साडेपाच, नसताना दोन. सगळी इमारत आणि गल्ली मिळून साडेतीन एस-एककं. शेजारच्या साठ घरांचे दिवे मी बदलू शकत नव्हतो. लिफ्टची मोटर चालवणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, जिन्यातले दिवे, गच्चीवरच्या सौर पॅनेलांचा इन्व्हर्टर, यातलं काहीच माझ्या हातात नव्हतं. हातात होती एकच गोष्ट: एरियल कुठे असावी.

या प्रकरणाचं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबतो. स्टेशनची लहर हजारो किलोमीटरवरून, आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून, परतून येते. ती बाल्कनीत असेल तेवढीच, किंवा जरा जास्तच, गच्चीवर असते. घरातला गोंगाट मात्र वायरिंगला बिलगून असतो आणि चार पावलं दूर गेलं की झपाट्याने विरतो. त्यामुळे एरियल वायरिंगपासून दहा-बारा मीटर लांब नेली तर स्टेशन तेवढंच राहतं आणि गोंगाट कोसळतो. बाल्कनीत तार वीसाची चाळीस मीटर केली तर दोन्ही सारखेच वाढतात. कान तेच ऐकतो, फक्त मोठ्याने.

आणि अर्थिंग? ती तर उलट्या दिशेने काम करत होती. सॉकेटमधली अर्थ ही सुरक्षेसाठी असते आणि त्यासाठी ती हवीच. सेटच्या प्लगची अर्थ कुणी कापू नये. पण साऱ्या इमारतीची उपकरणं आपली घाण त्याच तारेत ओततात. तिसऱ्या मजल्यावर ती जमिनीपर्यंत पोहोचेस्तोवर दहा-पंधरा मीटरची उभी एरियलच झालेली असते. मामांनी सेटच्या अर्थला ती जोडली म्हणजे गटाराचं तोंड पिण्याच्या टाकीत सोडलं. ती तार काढली तेव्हाच अर्धा एस कमी झाला होता. वाड्यात अर्थिंग म्हणजे अंगणात पुरलेली सळई होती आणि तिच्याभोवती मामी तुळशीचं पाणी ओतायच्या. अर्थ हा शब्द तोच, वस्तू दुसरी.

गच्चीवर

सोसायटीच्या बैठकीत मामांचा अर्ज आला तेव्हा पहिला प्रश्न: याचं रेडिएशन किती? ही तार काही बाहेर टाकत नाही, नुसती ऐकते, हे तीनदा सांगावं लागलं. शेवटी मामांनीच सोडवलं: "कपडे वाळत घालायची दोरी समजा. तांब्याची आहे एवढंच." परवानगी मिळाली, अट एकच की खरंच कुणी कपडे घालू नयेत.

गच्चीच्या एका टोकाला सौर पॅनेलं, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. दिवसा त्या इन्व्हर्टरचा गोंगाट असतोच. सूर्य मावळला की जातो, त्यामुळे तो ओळखायला सोपा. एरियल टाकीच्या बाजूला, पॅनेलांच्या केबलींपासून जास्तीत जास्त लांब आणि त्यांना काटकोनात ताणली.

प्रकार निवडला साधा डायपोल, म्हणजे मध्यावर तोडलेली तार. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. सहा-सहा मीटरच्या दोन भुजा, म्हणजे बारा मीटर, म्हणजे साधारण ११.९ मेगाहर्ट्झ, २५ मीटरचा पट्टा. तिथे मामांचं सिलोन. बाकीच्या पट्ट्यांवर तिचं माप जुळत नाही, पण नुसतं ऐकायला त्याने फारसं बिघडत नाही, कारण शॉर्टवेव्हवर आकाशातून येणारा नैसर्गिक गोंगाटच सेटच्या सळसळीपेक्षा मोठा असतो. तार इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी एक चौरस मिलिमीटरची, टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे, पुढे नायलॉनची दोरी.

मध्यावर मात्र कंजुषी केली नाही. फेराइटच्या एका कड्यावर दोन स्वतंत्र गुंडाळ्या, आठ-आठ वेढे, एकमेकींना तांब्याने कुठेही न जोडलेल्या. एकीला डायपोलच्या भुजा, दुसरीला केबल. कारण केबलचं बाहेरचं जाळीदार आवरण हीसुद्धा एक तारच असते. ती घरातला गोंगाट अंगावरून वाहत गच्चीपर्यंत नेते आणि एरियलच्या हातात देते. गच्चीवर एरियल लावूनही काही फरक पडला नाही असं जे सांगतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं घोडं इथे अडलेलं असतं. स्वतंत्र गुंडाळ्यांनी ती वाट तुटते. शिवाय सेटजवळ केबलचे आठ-दहा वेढे दुसऱ्या फेराइट कड्यावर दिले. केबल म्हणजे टीव्हीवाल्यांची आरजी-६. ती ७५ ओहमची आणि सेट ५० चा, यावरून वाद घालणारे भेटतील. ऐकण्यापुरतं हा फरक विसरून जा. नळांच्या डक्टमधून पंचवीस मीटर खाली आणली. सगळं मिळून अठराशे रुपयांच्या आत.

सेटजवळ एक खटका बसवला: इकडे जुनी बाल्कनीची तार, तिकडे गच्चीचा डायपोल. अशा बाबतीत काल आणि आज यांची तुलना निरर्थक असते, कारण आकाश दर तासाला बदलतं. तुलना एकाच सेकंदात व्हायला हवी.

संध्याकाळी सातला ३१ मीटरवर एक मध्यम ताकदीचं केंद्र धरलं. जुन्या तारेवर काटा आठावर. खटका टाकला, काटा सहावर. मामांचा चेहरा पडला. "अरे, उतरला की!" मी म्हटलं, मामा, डोळे मिटा आणि परत टाका. जुन्या तारेवर स्टेशन आठ आणि मागची घरघर साडेपाच. नव्यावर स्टेशन सहा आणि घरघर दोनाच्या खाली. अंतर अडीचाचं चारावर गेलं होतं, तेही काटा उतरून. मामांनी खटका दहा-बारा वेळा इकडे-तिकडे केला. मग बाल्कनीत गेले आणि जुनी तार उतरवायला लागले.

एक अडचण नवी आली. डायपोल लावल्यावर खालच्या पट्ट्यांमध्ये, जिथे नको तिथे, ओळखीचं मराठी ऐकू येऊ लागलं. पुणे आकाशवाणीचं मीडियम वेव्हचं ७९२ किलोहर्ट्झचं केंद्र शहरातच असल्याने इतकं जोरकस की प्रीसिलेक्टर जरा हलला की सेट गुदमरतो. यासाठी मागच्या पिढीने सोय करून ठेवली आहे: येणारी लहर मुद्दाम कमजोर करणारा सेटवरचा अॅटेन्यूएटरचा खटका डीएक्सवरून नॉर्मलवर आणला की झालं. स्टेशन थोडं उतरतं, भूत पूर्ण जातं.

आणि आकाशातली वीज. गच्चीवरची तार म्हणजे एप्रिल-मेच्या वळवाला आमंत्रण. आकाशात गडगडलं की केबल सेटमागून काढून कोपऱ्यात ठेवणं पुरेसं नाही; ती घरातच आलेली असते. डक्टच्या खिडकीपाशी जोड ठेवला आहे, तिथून काढून टोक बाहेर लटकवायचं. हे काम मामी करतात. मामा शेवटच्या गाण्यासाठी थांबतात.

हवेत नसलेली स्टेशनं

एरियल झाली, तरी वहीतल्या निम्म्या नोंदींपुढे "लागत नाही" असंच. मामा जुन्या सवयीने जुन्या जागी शोधत होते. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. रेडिओ नेदरलँड्सचं इंग्रजी आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनलचं शॉर्टवेव्ह २०१२ च्या जूनमध्ये गेलं. रेडिओ ऑस्ट्रेलिया ३१ जानेवारी २०१७ ला. ज्या स्टेशनांपायी कंडेन्सर बदलले गेले त्यांतली बरीचशी हवेतच नव्हती. हे सांगताना मला उगाच अपराधी वाटलं.

मग नव्याने नकाशा बसवला. वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, जगभरची केंद्रं वेळापत्रक बदलतात. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. ढोबळ नियम असा की उजेडात १० मेगाहर्ट्झच्या वर, अंधारात खाली. दिवसा आयनांबराचा खालचा थर खालच्या लहरी गिळतो, रात्री तो थर विरतो. सूर्योदय-सूर्यास्ताच्या मागचा-पुढचा अर्धा तास सर्वांत मजेचा. जवळचं केंद्र लागत नाही आणि हजारो मैलांवरचं लागतं याचं मामांना नेहमी नवल वाटायचं: लहर वर जाऊन परतते ती दूर जाऊन पडते, मधला टापू ती ओलांडून जाते.

डायलवर मामांचा विश्वास उरला नव्हता. १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळेचं केंद्र दर सेकंदाला टकटक करतं. त्यावर काटा जुळवून घेतला. आता डायल पाच किलोहर्ट्झच्या आत खरं बोलते. ६६७६ किलोहर्ट्झवर, यूएसबीवर (एलएसबीसारखीच पद्धत, फक्त लहरीची वरची बाजू), मुंबईहून विमानांसाठी हवामान वाचलं जातं. इतक्या नीरस गोष्टीत मामांना इतका रस का, ते मला कळलेलं नाही. पण सांताक्रूझची दृश्यमानता आता त्यांना तोंडपाठ असते.

एक युक्ती मात्र मामांनीच परत आठवली. शॉर्टवेव्हवर आवाज येतो-जातो, आणि जाताना फाटतो, कारण मधली वाहक लहर क्षणभर बुडते आणि सेटला आवाज उलगडायला आधारच उरत नाही. अशा वेळी खटका एएमवरून एलएसबी किंवा यूएसबीवर टाकायचा आणि बारीक बटणाने शिट्टी खाली-खाली नेत पार शून्य करायची. आता आधार सेट स्वतः पुरवतो. आवाज कमी-जास्त होतो, पण फाटत नाही. शेजारच्या केंद्राची किंकाळी एका बाजूने येत असेल तर दुसरी बाजू निवडायची. नवे सेट हे आपोआप करतात. एफआरजी-७ ला ते बोटांनी करावं लागतं, आणि सेट सरकत नसल्याने जमतंही. मेगाहर्ट्झ धरणाऱ्या ऑसिलेटरची, म्हणजे सेटच्या आत लहर तयार करणाऱ्या भागाची, चूक आतल्या आत वजा करून टाकणारी त्याची रचना मुळात ट्रेव्हर वॅडली या दक्षिण आफ्रिकी अभियंत्याची.

वहीतल्या पुढच्या नोंदी

सहा महिन्यांत मामांचे "सेट गेला" असे दोन फोन आले. पहिला एका दुपारचा: साऱ्या पट्ट्यांवर एकाएकी सामसूम, चिनी केंद्रंसुद्धा गायब. मी एरियल तपासायला निघणार तेवढ्यात सूर्यावरच्या मोठ्या स्फोटाची बातमी दिसली. उजेडाच्या बाजूची शॉर्टवेव्ह अशा वेळी तासभर आंधळी होते. सध्याचं सौरचक्र २०२४ च्या सुमारास भरात आलं, त्यामुळे हे अधूनमधून व्हायचंच. पाऊण तासाने मामांचा परत फोन, "आला."

दुसरा दिवाळीत. गच्चीवरसुद्धा काटा पाचावर, रात्रभर. कारण खिडकीतून बघितलं तरी दिसत होतं: सात मजले, प्रत्येक बाल्कनीत आकाशकंदील आणि त्याभोवती एलईडीच्या माळा. वहीत नोंद आहे: "वसुबारस ते तुळशीचं लग्न. रेडिओ बंद. फराळ."

एक कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. रोज संध्याकाळी सव्वासात ते आठ, १५ मेगाहर्ट्झच्या आसपास एक करकर येते. ती ठरावीक लयीत चढते-उतरते, आणि रविवारी नसते. ट्रान्झिस्टर घेऊन मी जिन्यातून वर-खाली केलं तर ती पाचव्या मजल्यावरच्या एका दारापाशी सर्वांत मोठी. माझा संशय ट्रेडमिलवर आहे. दार वाजवून सांगावं का, असं मामांना विचारलं. ते म्हणाले, तिथली सूनबाई मागच्याच महिन्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालायला लागलीये, आठपर्यंत आपण ३१ मीटरवर बसू.